भाड्याच्या घरातला गॅस गिझर सारखा बंद पडतो? तो नेमका केव्हा विझतो ते आधी बघा

भाड्याच्या घरातल्या गॅस गिझरची दुरुस्ती होते, पण बिघाड जात नाही. मेकॅनिक येतो, सेल बदलतो, बर्नर ब्रशने झाडतो, नळ सोडून गिझर पेटवून दाखवतो आणि निघून जातो. काही दिवस बरे जातात. मग एखाद्या सकाळी अंगाला साबण लावलेला असताना पाणी गार पडतं. घरमालकांना फोन करावा तर ते म्हणतात, "आत्ताच तर करून दिला ना? आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती." मेकॅनिक म्हणतो, "मी आलो तेव्हा तर चालू होता." दोघंही खोटं बोलत नसतात, आणि तुमची अंघोळ मात्र अर्धवट राहते.

याचं कारण साधं आहे. गिझर पेटायला पाणी, गॅस, हवा आणि ठिणगी या चारही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. यातल्या तीन गोष्टी गिझरच्या डब्याबाहेरून येतात आणि मेकॅनिक तर डबा उघडतो. तो येतो दुपारी. तेव्हा टाकी भरलेली असते, घरातले बाकीचे नळ बंद असतात, बाथरूमचं दार सताड उघडं असतं. सकाळी सात वाजता यातलं काहीच तसं नसतं. मालक त्या घरात अंघोळ करत नाहीत, आधीचा भाडेकरू निघून गेला. रोज तो गिझर बघणारे एकटे तुम्ही. म्हणून भाडेकरूने गिझर उघडायच्या फंदात पडू नये, तो केव्हा आणि कशानंतर विझतो ते टिपून ठेवावं. हे टिपण हातात असलं की दुरुस्तीला दिशा मिळते.

खाली मुख्यतः नळ सोडल्यावर आपोआप पेटणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या भिंतीवरच्या गिझरबद्दल लिहितोय. टाकीवाल्या गिझरबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

हे दिसलं तर शोधाशोध नको, गिझर बंद

गॅसचा वास आला, ज्योत निळीऐवजी पिवळी-केशरी दिसली, गिझरच्या वरच्या बाजूला किंवा भिंतीवर काजळी धरली, पेटताना भडका बाहेर आला, किंवा अंघोळ करताना डोकं दुखून गरगरायला लागलं, तर पुढचं काहीही करून बघायचं नाही. गॅसचा कॉक बंद करायचा आणि माणूस येईपर्यंत गिझर वापरायचा नाही.

गॅसचा वास असेल तर दिव्याचं बटण चालू-बंद करू नका, एक्झॉस्ट पंखाही लावू नका. बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा पुरते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत, खालच्या कोपऱ्यात साचतो. म्हणून दार उघडून तो बाहेर जाऊ द्यायचा, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. पाइपलाइनचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो.

आता डोकेदुखीबद्दल, कारण यावर लोक फार कमी बोलतात. गॅस जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास असतो, तो गळतीची खबर देतो. या विषारी वायूची खबर आपलं नाक देऊ शकत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेतलं थोडंसं प्रमाणही भारी पडतं. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणूस म्हणतो गरम पाण्याने चक्कर आली, आणि तिथेच बसून राहतो. हे बसून राहणंच जिवावर बेततं.

बंद बाथरूममध्ये हवा किती लवकर कमी पडते, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्यात जावी लागते. वाया जाणारी उष्णता धरून १० मिनिटांत साधारण १७० ग्रॅम एलपीजी जळतो, आणि त्याला दोन घनमीटरहून जास्त हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि २.४ मीटर उंच बाथरूममध्ये मुळात हवा असते सातएक घनमीटर. म्हणजे एका अंघोळीत पाव भागाहून जास्त. त्यात तुम्ही श्वास घेताय, वाफ साचतेय, आणि थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलाय. अशा खोलीत निळी, स्वच्छ ज्योतही काही वेळाने विषारी वायू सोडू लागते. म्हणून ज्योत निळी आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल आणि धूर बाहेर नेणारा पाइप नसेल, तर ती जागाच चूक आहे. दुरुस्तीचा आणि याचा संबंध नाही. गिझर आत्ता उत्तम चालत असला तरी ती जागा चूकच. मालकांशी पहिलं बोलणं यावर व्हायला हवं. तो हलेपर्यंत पाणी आधी बादलीत काढा, गिझर बंद करा, बाथरूममध्ये हवा खेळू द्या आणि मग आत जा. गिझर चालू असताना दार लावून अंघोळ नको, लहान मुलांची तर नकोच.

कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध पडलं तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट दवाखाना गाठा. तिथे गेल्यावर "गॅस गिझर चालू होता" हे वाक्य न विसरता सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतो, कारण प्राणवायू वाहणारं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड वाहणारं रक्त यातला फरक त्याला कळत नाही. आकडा ९८ दाखवत असतो आणि माणूस अत्यवस्थ असतो. डॉक्टरांना कारण कळलं की ते योग्य ती रक्ततपासणी करतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. तो भाडेकरूने स्वतःचा घ्यावा असं मला मनापासून वाटतं, घर बदललं की सोबत नेता येतो. बाथरूमच्या वाफेत लावू नका, बाहेरच्या बोळात किंवा झोपायच्या खोलीत, सोबतच्या पुस्तिकेत सांगितलंय तसा लावा. त्यातला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. मागे छापलेली मुदत बघून घ्या.

गिझर पेटतो कसा, तेवढं माहीत हवं

नळ सोडला की पाणी गिझरमध्ये शिरतं आणि एका रबरी पडद्याला ढकलतं. हा पडदा एक दांडी सरकवतो, दांडी एक बारीक बटण दाबते. बटण दाबलं गेलं की कंट्रोल बॉक्सला सेलचा करंट मिळतो, ठिणगीची टिकटिक सुरू होते आणि गॅसची झडप उघडते. ज्योत पेटली की शेजारची एक छोटी दांडी ती ज्योत ओळखते आणि टिकटिक थांबते. ज्योत ओळखता आली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि सगळं थांबतं.

यातून एक उपयोगी खूण मिळते. नळ सोडल्यावर कान देऊन ऐका. टिकटिक येते का? येत नसेल तर गडबड पाण्याच्या दाबात किंवा सेलमध्ये. येते पण पेटत नसेल तर गॅसमध्ये. पेटून लगेच विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या दांडीत, किंवा पुन्हा सेलमध्येच. फोनवर मेकॅनिकला एवढं एक वाक्य सांगितलं तरी तो बरोबर सामान घेऊन येतो.

टिकटिकच येत नाही

सेल बघा. बऱ्याच गिझरना दीड व्होल्टचे दोन मोठे सेल लागतात. कप्प्यातल्या पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड धरली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने साफ करा, बाथरूमच्या वाफेने ती हमखास धरते. रिचार्ज होणारे सेल टाकू नका. ते १.२ व्होल्टचे असतात, दोघांचे मिळून २.४ होतात, आणि बऱ्याच गिझरच्या कंट्रोल बॉक्सला तेवढे पुरत नाहीत. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदला.

नवे सेल घालूनही शांतता असेल तर पाणी मोजा. १ लिटरचा मग घ्या, गिझरच्या गरम नळाखाली धरा, घड्याळात सेकंद मोजा. मग २४ सेकंदांत भरला तर प्रवाह मिनिटाला अडीच लिटर झाला. पडदा हलायला छोट्या गिझरना साधारण एवढा प्रवाह लागतो, आणि त्याहून कमी असेल तर गिझर निर्दोष असूनही पेटणार नाही. हेच माप शॉवरखाली धरून पुन्हा घ्या. खालच्या नळाला भरपूर पाणी आणि शॉवरला रडकं, असं निघालं तर दोष शॉवरच्या जाळीत आहे. क्षाराने भोकं बुजलेली असतात. शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी ब्रशने घासला की मोकळा होतो. मी राहतो त्या घरात हाच प्रकार होता. मेकॅनिकने गिझरचा पडदा बदलला, कंट्रोल बॉक्सही बदलला, आणि पाणी अडत होतं शॉवरच्या मुठीतल्या बोटभर जाळीत. तिच्यावर खडूसारखा पांढरा थर होता, नखाने टवका निघत होता.

गिझरला पाणी जिथून येतं तिथेही एक बारीक जाळी असते. टाकी धुतल्यावर, मोटर दुरुस्त झाल्यावर किंवा पाइपचं काम झाल्यावर ती गाळाने भरते. "टाकी साफ केल्यापासून गिझर बिघडला" अशी तक्रार आली की प्लंबर आधी तिथेच हात घालतो. पाण्याचा मुख्य कॉक बंद करून ती जाळी काढता येते, पण जुना नट गंजलेला असेल तर जोर लावू नका. पाइप फिरला तर खर्च तुमच्या गळ्यात पडेल.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर दाबाचा प्रश्न कायमचाच असू शकतो. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जेवढी वर, तेवढ्या दर मीटरमागे ०.१ बार दाब मिळतो (बार हे दाब मोजायचं एकक). पुष्कळ गिझरच्या पाटीवर किमान दाब ०.२ ते ०.३ बार लिहिलेला असतो, म्हणजे टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा दोन-तीन मीटर तरी वर हवं. टाकी डोक्यावरच्या गच्चीवर असेल तर शॉवरपासून तेवढं अंतर जेमतेम मिळतं, आणि टाकी अर्धी झाली की तेही संपतं. म्हणून खालच्या मजल्यावर वर्षानुवर्षं चालणारं तेच मॉडेल वरच्या मजल्यावर रोज रुसतं. इथे मेकॅनिक कितीही वेळा आला तरी काही होणार नाही. टाकी उंच करणं, दाब वाढवणारा पंप बसवणं किंवा कमी दाबावर चालणारा गिझर लावणं, हे तीनच उपाय आणि तिन्ही मालकांच्या हातातले.

टिकटिक येते, पेटत नाही. किंवा धप्प करून पेटतो

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, नळ दोन-तीनदा उघडझाप करावा लागतो. त्यानंतरही पेटत नसेल तर स्वयंपाकघरातली शेगडी लावून बघा. शेगडी आणि गिझर एकाच सिलिंडरवर असतील आणि गिझर लागताच शेगडीची ज्योत बसत असेल, तर गॅस कमी पडतोय. रेग्युलेटर थकलेला असतो, किंवा नळी फार लांब नाहीतर दबलेली असते.

थंडीत आणखी एक कारण असतं. सिलिंडरमधलं द्रव उकळूनच गॅस तयार होतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते बाहेरून घेतं. गिझर झपाट्याने गॅस ओढतो, सिलिंडर गार पडत जातो, दाब उतरतो. सिलिंडर रिकामा होत आला की हे जास्त जाणवतं. त्याच्या खालच्या भागाला घाम फुटल्यासारखे थेंब दिसतात, कधी बर्फही धरतो. अशा वेळी सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, आडवा करणं, हलवणं हे सगळं धोक्याचं आहे. पुढच्या माणसाची अंघोळ थोड्या वेळाने होऊ द्या.

धप्प आवाज म्हणजे ठिणगी उशिरा लागते आणि तोवर साचलेला गॅस एकदम पेट घेतो. सेल उतरलेले असणं हे त्यातलं सोपं कारण. नवे सेल घालूनही आवाज येत असेल तर ठिणगीची दांडी हललेली आहे किंवा बर्नरवर धूळ, कोळ्याचं जाळं आहे. महिनोन्महिने रिकाम्या राहिलेल्या घरात कोळी बर्नरच्या नळीत जाळं करतो, हे ऐकायला विचित्र वाटेल पण फार नेहमीचं आहे. हे काम जाणकाराचं, तोवर गिझर बंद.

भाड्याच्या घरात एक खास प्रकार घडतो. मालकांनी त्यांच्या दुसऱ्या घरातला गिझर काढून इथे लावलेला असतो. तिथे सिलिंडर होता, इथे पाइपलाइन आहे. दोन्ही गॅस वेगळे, दाब वेगळा, बर्नरचे नोझल, म्हणजे गॅस सोडणारी बारीक भोकं, वेगळे. सिलिंडरवाला गिझर पाइपलाइनवर लावला तर ज्योत मिणमिणते आणि पाणी कोमटच राहतं. पाइपलाइनवाला गिझर सिलिंडरवर लावला तर ज्योत मोठी, पिवळी, काजळी सोडणारी होते, आणि हे दुसरं थेट जिवाशी खेळणं आहे. गिझरच्या बाजूला चिकटवलेली पाटी वाचा, कुठल्या गॅससाठी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. पाटीचा फोटो काढूनच ठेवा. किमान पाण्याचा दाब, मॉडेल, बनवल्याची तारीख, सगळं तिथेच मिळतं.

मध्येच विझतो

सगळ्यात जास्त तक्रारी याच. इथे "केव्हा" हा प्रश्न अगदी बारकाईने विचारावा लागतो.

गार पाण्याचा नळ उघडल्यावर विझत असेल, तर गिझर बिघडलेलाच नाही. पाणी फार कढत येतं म्हणून आपण गार नळ सोडतो. दोन्ही पाणी एकाच शॉवरकडे धावतं, गाराचा दाब जास्त असतो, तो गरम पाण्याला मागे रेटतो. गिझरमधला प्रवाह कमी झाला की पडदा मागे येतो आणि ज्योत जाते. आता शॉवरमधून फक्त गार पाणी येतं, आपण घाबरून गार नळ बंद करतो, गिझर पुन्हा पेटतो, पाणी पुन्हा कढत होतं. हे चक्र चालूच राहतं. उपाय असा की कढत पाण्यात गार मिसळायचं नाही, गिझरवरचं गॅसचं बटण कमी करायचं आणि पाण्याचं वाढवायचं. पाणी जेवढं जोरात वाहील तेवढं कमी तापेल. गरम नळ पूर्ण सोडून, गार नळ पूर्ण बंद ठेवून, अंघोळीजोगं पाणी येईल तिथे गॅसचं बटण ठेवा. कमी-जास्त बर्नरचा, उन्हाळा-हिवाळा लिहिलेला खटका असेल तर तोही याचसाठी आहे. मिक्सर नळ असेल तर दांडी पूर्ण गरमकडे. कित्येक घरांत एवढ्याने वर्षभराची कटकट संपते, आणि एकही पार्ट बदलावा लागत नाही.

कोणी स्वयंपाकघरात नळ सोडल्यावर किंवा फ्लश ओढल्यावर विझत असेल तर वर सांगितलेला दाबाचाच प्रश्न.

बरोबर ठरावीक वेळाने विझत असेल तर तो सुरक्षेचा टायमर असू शकतो. अनेक गिझर सलग २० मिनिटं चालल्यावर आपोआप बंद होतात. नळ बंद करून पुन्हा सोडला की पेटतात. मेकॅनिकला हा टायमर काढून टाकायला कृपा करून सांगू नका.

पाच-सात मिनिटांनी विझणं मात्र गंभीरपणे घ्या. पाणी फार तापल्यामुळे गिझर स्वतःला बंद करत असेल. आतल्या तांब्याच्या नळीत क्षार साचलेत, प्रवाह मंदावलाय, असा त्याचा अर्थ. तेव्हा विझण्याआधी पाणी चटका बसेल इतकं कढत येतं, नळीतून कधी उकळल्यासारखा आवाज येतो. नळी आतून साफ करावी लागते, ते काम मेकॅनिकचं. पण पाणी तसं कढत नसताना, दार लावलेलं असताना विझतो आणि दार उघडं ठेवलं की विझत नाही, असं असेल तर खोलीतला प्राणवायू कमी होतोय. गिझरमध्ये तो ओळखणारा सेन्सर असेल तर गिझर तुम्हाला वाचवतोय. सेन्सर नसेल तर ज्योतच गुदमरतेय. ही तपासणी मुद्दाम दार लावून आत उभं राहून करायची नाही. आजवर काय घडलं ते आठवा आणि थेट मालकांना कळवा.

वारा असलेल्या दिवशीच विझत असेल तर धुराचा पाइप कुठे उघडतो ते बघा. वारा उलटा आत शिरला की ज्योत विझते, आणि धूरही घरातच परततो.

नळ बंद केला तरी जळत राहतो

गॅसचा कॉक ताबडतोब बंद. दांडी अडकली आहे, आत पाणी उकळतंय, नळी फुटू शकते. एकदाच झालं, नंतर झालं नाही, असं म्हणून पुढे ढकलू नका.

टाकीवाला गिझर असेल तर

यात एक छोटी ज्योत कायम जळत असते. तिच्या टोकाशी असलेली धातूची कांडी ज्योतीच्या उष्णतेवर २०-३० मिलिव्होल्टची अगदी थोडी वीज तयार करते आणि त्यावर गॅसची झडप उघडी राहते. छोटी ज्योत पेटते पण बटण सोडताच विझते, असं झालं तर बहुतेक वेळा ही कांडी थकलेली असते. पार्ट छोटा आहे आणि बदलता येतो. ज्योत फडफडत, आळशी, पिवळी दिसत असेल तर तिचं बारीक भोक बुजलंय.

घरमालकांशी बोलताना

"गिझर नीट चालत नाही" एवढंच कळवलं की तुम्हाला सेल बदलून मिळतात. फोनमध्ये एक टिपण उघडा आणि गिझर विझला की एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: "सकाळी ७.१०, शॉवर, गॅस मध्यम, चार मिनिटांनी विझला, टिकटिक आली नाही, स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो बंद केल्यावर पेटला." अशा आठ-दहा ओळी झाल्या की नमुना आपोआप डोळ्यांसमोर येतो. जमलं तर एक व्हिडिओ काढा, त्यात टिकटिकीचा आवाज आणि ज्योत दोन्ही यायला हवं.

मग मेसेज करा, आणि मेसेजच करा, कारण फोनवरचं बोलणं डिपॉझिटच्या वेळी कोणाला आठवत नाही. काहीसा असा:

"नमस्कार काका. गिझर अजूनही मध्येच विझतोय. मागच्या दुरुस्तीनंतरच्या नोंदी आणि व्हिडिओ सोबत पाठवतोय. सेल नवे आहेत, शॉवर साफ केलाय. शॉवरला १ लिटर पाणी यायला ४० सेकंद लागतात, म्हणजे दाब कमी आहे. शिवाय गिझर बाथरूमच्या आत असून धूर बाहेर जायला पाइप नाही, हे धोक्याचं आहे. कृपया प्लंबर आणि गॅसचं काम जाणणारा माणूस दोघांना एकत्र पाठवाल का? तोवर आम्ही गिझर वापरत नाही आहोत."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते खरंही हवं. त्याने मालकांना घाई कळते आणि तुम्ही धोका पत्करला नाही याची नोंद राहते.

कोणी काय करायचं यावर बरीच कुरबुर होते. करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" असं एक गुळगुळीत वाक्य असतं. माझ्या मते सेल, शॉवरची सफाई, बटणं नीट लावणं हे आपलं. पडदा, कंट्रोल बॉक्स, गॅसची नळी, रेग्युलेटर, गिझरची जागा आणि हवेची सोय हे मालकांचं, कारण ते घरासोबत राहणार आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार मालकाला दर १२ महिन्यांनी घरातली गॅसची उपकरणं नोंदणीकृत माणसाकडून तपासून घ्यावी लागतात आणि त्याची प्रत २८ दिवसांत भाडेकरूला द्यावी लागते. तुम्ही राहता तिथे असा नियम असो वा नसो, वर्षातून एकदा तपासणी मालकांच्या खर्चाने, हे एक वाक्य करार नवा करताना घालून घ्या. समजूतदार मालक त्याला नाही म्हणत नाहीत.

स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून भाड्यातून कापायची असेल तर आधी लेखी होकार घ्या. मेकॅनिककडून तारखेची पावती आणि काढलेला जुना पार्ट मागा. एकच पार्ट थोड्या काळात दुसऱ्यांदा गेला तर तिसऱ्यांदा तोच बदलू देऊ नका, बिघाड दुसरीकडे आहे.

बदलायचाच ठरला तर

मालक नवा गिझर आणायला तयार झाले तर ते दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी कळवा: घरात कुठला गॅस आहे, शॉवरला मिनिटाला किती लिटर पाणी येतं, आणि तो लावायची हवेशीर जागा कोणती. बाथरूमबाहेर जागाच नसेल तर विजेचा गिझर मागा, त्यात संकोच करू नका. फक्त वायरिंग आणि अर्थिंग तेवढा भार पेलणारं आहे का, हे इलेक्ट्रिशियनला बघायला सांगा.

आणि बसवणारा माणूस निघायच्या आधी गिझर तुमच्या रोजच्या पद्धतीने चालवून घ्या. बादलीच्या नळावर नको, शॉवरवर. स्वयंपाकघरातला नळ सोडून, शेगडी पेटवून, सलग दहा मिनिटं. तेवढ्या वेळात गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायला सांगा. कुठे बुडबुडा आला तर तो जोड पुन्हा आवळून, पुन्हा साबणाचं पाणी लावून बघायचं. सही त्यानंतर.